चौघांतला जो दूर गेला
(वाचन बैठकीतील भाषण)



रोहिंटन मिस्त्री यांची 'अ फाइन बॅलन्स' (१९९५) आजच्या बैठकीसाठी निवडली, तेव्हा काहींनी विचारलं, "इतकी रडवणारी कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण हे पुस्तक देश सोडलेल्या माणसाने लिहिलंय. मिस्त्री १९७५ साली मुंबईहून कॅनडाला गेले. त्याच जूनमध्ये आणीबाणी लागली आणि कादंबरी घडते ती त्याच काळात, समुद्रकाठच्या एका शहरात. शहराचं नाव पुस्तकात येत नाही. आपल्याला ते सांगावंही लागत नाही!

भाड्याचं घर टिकवण्यासाठी कपडे शिवून देण्याचं कंत्राट घेणारी पारशी विधवा दीना, तिच्याकडे कामाला आलेले ईश्वर आणि त्याचा पुतण्या ओम, आणि पेइंग गेस्ट म्हणून आलेला कॉलेजकुमार मानेक. चौघंही एकमेकांना परके. ईश्वर-ओम जन्माने चांभार, हुन्नराने शिंपी. ओमच्या बापाने मतदानाचा हक्क मागितला म्हणून गावच्या ठाकुराने त्याचा आणि घरच्यांचा जीव घेतलेला.

दीना काही संत नाही. ती शिंप्यांचे कप वेगळे ठेवते, बाहेर जाताना त्यांना आत कोंडून कुलूप लावते. मग त्यांची झोपडी बुलडोझरखाली जाते, पुढे व्हरांड्यात झोपायला जागा द्यावी लागते, आणि हळूहळू चौघांचा स्वयंपाक एक होतो. हृदयपरिवर्तनाचं भाषण कुणी ठोकत नाही. अपुऱ्या जागेत रोजचं जेवण एकत्र व्हायला लागलं की वेगळे कप किती दिवस टिकणार?

पुस्तकात योगायोग अंमळ जास्त आहेत, हे माझंही मत. पण शेवटाकडे या. (इतक्या वर्षांनी तो सांगायला हरकत नसावी.) सक्तीच्या नसबंदीनंतर ईश्वरचे पाय जातात आणि ठाकुराच्या सूडापायी ओमचं पुरुषत्वही जातं. दोघं भिकारी होतात. दीनाचं घर जातं, ती भावाच्या आश्रयाला येते. मानेक तोवर दुबईला नोकरीला गेलेला असतो. चौघांत सगळ्यात कमी गमावलेला तोच.

१९८४ साली बाप गेला म्हणून तो परततो. दीनाला भेटून निघताना फाटकाशी ईश्वर-ओम समोर येतात. तो ओळखतो, पण तोंडातून शब्द फुटत नाही. तसाच पुढे जातो आणि रेल्वेखाली जीव देतो. इकडे दीना त्या दोघांना भाऊ-भावजयीच्याच ताटांत गुपचूप जेवू घालते, आणि तिघं थट्टामस्करी करतात.

मानेक दुबळा होता, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. उरलेल्या तिघांना घाव एकेक करून बसले आणि मध्ये हसायला माणूस होतं. मानेकला आठ वर्षांचा हिशेब एकाच दिवसात कळला. आपणही तीन आठवड्यांच्या सुट्टीवर जातो, आणि कोण वारलं, कोणाचं घर गेलं, ते असंच एकदम ऐकतो.

चर्चा फाटकापासूनच सुरू करू या. त्याने नुसतं "ओम" एवढं म्हटलं असतं तर?