परीक्षा मोडा म्हणणाऱ्यांना
(युवक शिबिरातील भाषण)



परीक्षा ही प्रस्थापितांची चाळणी आहे, ती मोडा, असा ठराव तुम्ही मांडलाय. मी मास्तर. दहावीच्या वर्गावर खडू झिजवणारा. या ठरावाला माझा हात अर्धाच वर जातो. का, ते सांगतो.

बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर आडनाव नसतं. नंबर असतो, आता बारकोड. तपासणाऱ्याला कांबळे की कुलकर्णी, काही कळत नाही. शाळेत वर्षभर आडनाव पुकारलं जातं, स्कॉलरशिपच्या यादीत तर जातीसकट. पेपरचे ते तीन तास आपलं पोरगं नुसतं पोरगं असतं. हे तीन तास मी फुकटात सोडणार नाही.

1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते 750 पैकी 282 गुणांनी. टक्के काढा, अडतीसही भरत नाहीत. आज एवढ्या टक्क्यांवर अकरावीच्या नावाजलेल्या कॉलेजात कुणी उभं करेल? गुण म्हणजे माणसाचं माप नव्हे, हे आपल्याला कुणी पंडितानं शिकवायला नको. पण त्या 282 गुणांवाचून एल्फिन्स्टन कॉलेजचं दार उघडलं नसतं, हेही तितकंच खरं.

आता दुसरी बाजू. तमिळनाडूत अरियलूर जिल्ह्यातली अनिता, हमालाची पोर. बारावीला 1200 पैकी 1176. तिथं तोवर बारावीच्या गुणांवर मेडिकल मिळायचं. 2017 ला नीट आली आणि ते 1176 कवडीमोल झाले. पोरगी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. 1 सप्टेंबर 2017 ला तिनं जीव दिला. नीटचा पेपर तर मशीन तपासतं, तिथंही आडनाव नसतं. पण क्लासची फी कुणाच्या बापाला परवडते, हे त्या पेपरला बरोबर कळतं.

मग म्हणाल, शाळेतल्या मास्तरच्या हाती गुण द्या. दिले होते ना! आपल्याकडं 2019 ला भाषा नि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले 20 गुण काढले, तर दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. बोंबाबोंब झाली, गुण परत आले. 2020 चा निकाल 95.30. 2021 ला कोरोनात परीक्षाच नाही, निकाल 99.95! शाळा आपली इभ्रत राखायला सगळ्यांना अठरा-एकोणीस वाटते. परिच्छेद धड वाचता न येणारं आपलं पोरगंही एकोणीस घेऊन घरी जातं, आई पेढे वाटते. ही गुण देऊन तोंड बंद करायची रीत आहे. नापास करण्यापेक्षा स्वस्त पडते.

आणि पोरांना हे कळतं. मागच्या बाकावरचे चौघे नंबर लिहितात, पेपर कोरा ठेवून खिडकीबाहेर बघत बसतात. स्टाफरूममध्ये म्हणतात, या लोकांना शिकायचंच नसतं. 'या लोकांना' म्हणजे कुणाला, ते ठाऊक आहे. एकाला मी विचारलं तर म्हणाला, "सर, दादा बीए झाला, डिलिव्हरीची बॅग घेऊन फिरतो. मी पाच वर्षं आधीच सुरू करतो." याला आळस म्हणायचं? 2023 च्या सप्टेंबरात सरकारनं खाजगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला होता. रान पेटलं म्हणून ऑक्टोबरात मागे घेतला. त्या पोरानं जीआर वाचला नाही, पण हिशेब तोच मांडला. हिशेब चुकीचा आहे, हे त्याला पटवायला माझ्याकडं नोकरी नाही. तरीही त्याचा कोरा पेपर मला बंड वाटत नाही. कोऱ्या पेपरनं कुणाचं काही अडत नाही, उलट एक जागा मोकळी होते.

म्हणून ठरावात दुरुस्ती सुचवतो. 'परीक्षा मोडा' काढा. शाळेच्या हातातले 20 गुण बाहेरच्या मास्तरनं, नंबर बघून द्यावेत, हे घाला. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आज अर्ज करून, पैसे भरून मिळते. ती आपल्या पोरांना फुकट मिळावी, हे घाला. आणि दर रविवारी विहारात गणित-इंग्रजी कोण शिकवणार, त्यांची नावं खाली लिहा. पहिलं माझं लिहा, दुसरं कुणाचं?