अर्नमचे जहागीरदार

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात अर्नम नावाचं गाव आहे. 1276 साली जन्मलेले सर जेफ्री लट्रेल हे तिथले जमीनदार. राजाचं बोलावणं आलं की स्कॉटलंडच्या स्वारीवर जायचं, एरवी जमीनजुमला पाहायचा. असे सरदार तेव्हा पुष्कळ होते. जेफ्रींचं नाव टिकलं ते त्यांनी करवून घेतलेल्या स्तोत्रांच्या सचित्र हस्तलिखितामुळे, म्हणजे लट्रेल सॉल्टरमुळे.

त्यात जेफ्री घोड्यावर बसलेत, पत्नी ॲग्नेस शिरस्त्राण देतेय, सूनबाई ढाल घेऊन उभ्या. घोड्याच्या झुलीवरही घराण्याची चिन्हं. मिरवायची हौस दांडगी! पण खरी गंमत पानांच्या कडेला आहे. चार बैलांचा नांगर, एकानं रुमणं धरलंय, दुसरा लांब चाबूक घेऊन बैल हाकतोय. पुढे पेरणी चाललीय. कुत्रा एका कावळ्यामागे धावतोय, आणि दुसरा कावळा खुशाल बियाण्याच्या पोत्यात चोच घालून बसलाय!

या चित्रांतले कुळवाडी नीटनेटके दिसतात. त्यावर फार विसंबू नये, चित्रांचे पैसे मालकानं मोजले होते. धन्याच्या शेतावर ठरलेले दिवस फुकट राबणं हा तेव्हाच्या बऱ्याच कुळांचा रिवाजच होता.

1345 मध्ये जेफ्री वारले. आपल्या आत्म्यासाठी 20 धर्मगुरूंनी पाच वर्षं प्रार्थना कराव्यात, अशी तजवीज त्यांनी मृत्युपत्रात केली होती. हस्तलिखित 1929 साली ब्रिटिश म्युझियमनं 31,500 पौंडांना घेतलं. आता ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.