बोंडअळी आभाळातून पडत नाही
(पनवेल येथील बैठकीतील भाषण)



पनवेल हा भाताचा मुलूख. आभाळ भरून आले की इथला शेतकरी खोडकिड्याला भितो, आपण बोंडअळीला.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राचा कापूस पोखरला, तेव्हा हवामानावर खापर फोडून बरेचजण मोकळे झाले. आम्ही म्हणतो, हवामान फक्त दार उघडते. दिवस लहान झाले, थंडी पडली की ही अळी सरकीत, किडक्या बोंडात झोपी जाते. पाऊस पडून हवा दमट झाली की पतंग निघतात. त्यांचे आयुष्य थोड्या दिवसांचे. तेव्हा शेतात पाते नसेल, तर ते मागे वंश न ठेवता मरतात. मेमध्ये ओलितावर लावलेल्या कपाशीला मात्र पाते असते. तिथे एक पिढी पोसली की पुढची आपल्या कोरडवाहू वावरात उतरते.

फरदड घेऊ नका, असे साहेबलोक सहज सांगतात. शेवटच्या वेच्यावर दुकानदाराची उधारी फिटते, हे त्यांच्या कागदावर नसते! तरीही आमचे सांगणे तेच: डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटा, पुढच्या साली त्या वावरात ज्वारी घ्या. ज्वारीवर ही अळी जगत नाही.

हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा. सलग ३ रात्री एका सापळ्यात ८ पतंग आले, तरच फवारणी. आणि जिनिंगच्या आवारातही सापळे हवेत. सरकीचे ढीग तिथेच पडलेले असतात, आणि ते आवार आपल्या ताब्यात नाही.