शिक्का तुमच्या हातात आहे

पिरियापट्टणातून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जण हसतील: टीव्हीवरच्या मालिका आणि व्हिडिओ गेम यांत तत्त्वज्ञान असतं का?

आपल्याकडे हा प्रश्न जुनाच आहे. मोक्षपट आठवा. सापशिडीचा हा पूर्वज परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. पण चाल ठरते कवड्यांवर! मग वर पोचलेल्याचं पुण्य कसलं? एखाद्या पोरानं हे विचारलं की तत्त्वज्ञान सुरू झालं.

मालिकांचंही तेच. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ ते २०२१ चालली. राधिकेनं नवऱ्याचं प्रकरण किती सोसावं, यावर घराघरांत वाद झाले. सोसणं हा सद्गुण कुठपर्यंत आणि स्वतःवरचा अन्याय कुठून? वाद नीतिशास्त्राचाच होता, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नव्हतं.

मालिकेत निर्णय राधिका घेते. गेममध्ये तो तुम्हाला घ्यावा लागतो. लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ २०१३ साली आला. त्यात तुम्ही एका काल्पनिक देशाच्या सीमेवरचे तपासनीस. नवऱ्याचे कागद बरोबर असतात. मागून आलेल्या बायकोकडे परवाना नसतो, ती गयावया करते. नियम मोडत राहिलात तर पगार कापला जातो, आणि घरी तर भाडं, जेवण, औषध भागवायचं असतं. आता काय करणार?

आमच्याच तालुक्यात बायलकुप्पे आहे. १९६०च्या सुमारास तिबेटी निर्वासित तिथे वसू लागले. हा गेम खेळलेल्या मुलाला ‘निर्वासित’ हा शब्द नुसता पाठ्यपुस्तकातला वाटत नाही.

अर्थात, सगळ्याच गेममध्ये एवढं नसतं, आणि टीआरपीसाठी ताणलेले भाग कंटाळवाणेच असतात. शिवाय खेळातली चूक पुन्हा सुरुवात करून पुसता येते; परत पाठवलेल्या खऱ्या माणसाचं तसं नसतं. हा फरकही मुलांशी बोलायलाच हवा.

म्हणून ‘बंद कर ते’ म्हणण्याआधी एकदा शेजारी बसा आणि विचारा: तिला आत सोडलंस का? आणि का? उत्तर काहीही येवो, ते त्याला स्वतः शोधावं लागेल.