आधी स्वतःची ओळख, मग यशाची वाट

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, या आनंदाच्या प्रसंगी मला दोन शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नाही, व्याख्याताही नाही. बी. कॉम. झाल्यावर कापडाच्या गादीवर बसलो, तो आज साठी उलटून गेली तरी तेथेच आहे. तेव्हा ग्रंथातील मोठे सिद्धांत मांडण्याऐवजी व्यवहारात जे पाहिले व थोरांच्या चरित्रांतून जे उमगले, तेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

विषय आहे यशाचा. आज प्रत्येक घरात दहावी-बारावीचा निकाल लागला की एकच प्रश्न विचारला जातो : ‘आता पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा वडील देतात, काका देतात, शेजारी देतात. मुलगा किंवा मुलगी मात्र गप्प असते. कोणी दुकानावर बसतो, कारण दुकान आहे म्हणून. कोणी इंजिनिअरिंगला जातो, कारण मित्र गेला म्हणून. पुढे दहा-पंधरा वर्षांनी तोच मुलगा चांगले मिळवत असूनही उदास दिसतो, तेव्हा आपण त्याला दोष देतो. माझ्या मते दोष त्याचा नसतो. माल न पाहताच सौदा झालेला असतो.

स्वतःची ओळख

आपण व्यापारी मंडळी वर्षातून एकदा शिल्लक माल मोजतो. प्रत्येक ताका खाली काढतो, किती मीटर उरले ते पाहतो, कोणता माल चालतो आणि कोणता वर्षानुवर्षे कपाटात पडून आहे याची नोंद करतो. ही मोजणी न करता जो नवी खरेदी करतो, त्याचे भांडवल अडकते. मग आयुष्याच्या व्यापारात आपण ही मोजणी का करत नाही?

आपल्या धर्माने तर यासाठी उत्तम साधने दिली आहेत. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे स्वतःपाशी शांत बसणे. प्रतिक्रमण म्हणजे दिवसभराच्या वर्तनाचा आढावा घेणे. त्यांचे मूळ प्रयोजन आत्मशुद्धीचे आहे, संसारातील यशाचे नाही, याची मला जाणीव आहे. परंतु ज्याला रोज स्वतःकडे निरखून पाहण्याची सवय आहे, त्याला आपला कल, आपली शक्ती आणि आपली मर्यादाही इतरांपेक्षा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

येथे एक उदाहरण सांगतो. माझ्या दुकानात एक तरुण नोकरीस लागला. त्याला आम्ही गल्ल्यावर बसवले. हिशेबात त्याचे मन लागेना. संध्याकाळी रोजमेळ जुळेना. परंतु कापडाला हात लावला की हा सुती किती, मिश्रण किती, हे तो अचूक सांगत असे. खात्री करण्यासाठी आम्ही धागा जाळून पाहायचो. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो व त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दहापैकी नऊ वेळा त्याचे म्हणणे खरे ठरे. मी त्याला गल्ल्यावरून उठवले आणि खरेदीला बरोबर नेऊ लागलो. आज इचलकरंजी, भिवंडी, सूरत येथील खरेदी तोच पाहतो. माणूस तोच, पगार देणारा मालकही तोच. फक्त जागा बदलली.

तरुणांना मी एक साधा उपाय सुचवतो. एक वही घ्या. महिनाभर रोज रात्री तीन गोष्टी लिहा : आज कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळले नाही, कोणते काम ढकलत ढकलत केले, आणि कोणत्या कामासाठी दुसरे कोणी आपणहून माझ्याकडे आले. महिन्याअखेर ती वही वाचा. परीक्षेच्या गुणपत्रिकेत जे दिसत नाही, ते त्या वहीत दिसेल.

ध्येयाची आखणी

स्वतःची ओळख झाली, तरी ध्येयाशिवाय शक्ती वाया जाते. या बाबतीत आपल्या समाजात जन्मलेल्या दोन थोर पुरुषांचे स्मरण करणे उचित ठरेल.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. घरचा व्यवसाय व्यापार व सावकारीचा. गादी तयार होती. परंतु त्या चाकोरीत त्यांचे मन रमेना. त्यांची पदवीही पूर्ण झाली नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत ते रेल्वेच्या बांधकामाच्या कंत्राटांकडे वळले आणि त्यांना स्वतःची ओळख पटली : नवे, मोठे, कोणी न केलेले उभारणे हाच त्यांचा पिंड होता. १९१९ साली त्यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृती सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. त्याच दिवसाच्या स्मरणार्थ आपल्या देशात ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परदेशी कंपन्यांनी दर पाडून त्यांना जेरीस आणण्याचा प्रयत्न केला, तरी ते हटले नाहीत. जहाजे चालवण्यावर न थांबता ती आपल्याच देशात बांधावीत, हे पुढचे ध्येय त्यांनी ठेवले. १९४१ साली विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली आणि १९४८ साली तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ जहाजाचे जलावतरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. १९१९ ते १९४८, म्हणजे एकोणतीस वर्षे! ध्येय म्हणजे काय, ते या आकड्यावरून समजावे.

दुसरे नाव कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. त्यांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. शालेय परीक्षांत त्यांना यश मिळाले नाही. पुढे त्यांनी शिकवण्या घेतल्या, ओगले काच कारखान्यासाठी काम केले, किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा खेडोपाडी प्रचार केला. वरवर पाहता ही भटकंती होती. परंतु याच फिरतीत दोन गोष्टी त्यांना उमगल्या : शेतकऱ्याचे दुःख अज्ञानात आहे, आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलून त्याला पटवून देण्याची हातोटी आपल्याजवळ आहे. विक्रेत्याचे तेच कसब त्यांनी शिक्षणप्रसारासाठी वापरले. १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिनेही दिले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेने हजारो गरीब मुले शिकली. ज्यांना शाळेत यश लाभले नाही, त्यांना १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी. लिट. देऊन गौरवले.

या दोन्ही चरित्रांत एक साम्य आहे. दोघांनीही घराने वा परिस्थितीने दिलेले पहिले काम हेच शेवटचे मानले नाही. मात्र ते काम टाकून रिकामेही बसले नाहीत. काम करता करताच त्यांना आपले काम सापडले. म्हणून तरुणांनो, ‘आवड कळेपर्यंत थांबतो’ असे म्हणू नका. जे हाती आहे ते चोख करा आणि डोळे उघडे ठेवा.

ध्येयाविषयी आणखी एक गोष्ट. ध्येय मोजता आले पाहिजे. ‘मला मोठे व्हायचे आहे’ हे ध्येय नव्हे. ‘दोन वर्षांत अमुक विद्या शिकेन, पाच वर्षांत अमुक गावात अमुक काम उभे करीन’ हे ध्येय. आणि त्याला सीमाही हवी. आपल्या श्रावकव्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे. किती मिळवायचे याची मर्यादा आधीच ठरवा, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. ज्याने मर्यादा ठरवली नाही, त्याला आपण यशस्वी झालो हे कधी कळतच नाही. वालचंद शेठांनी उभा केलेला बंगळूरचा विमान कारखाना १९४२ मध्येच सरकारच्या ताब्यात गेला, पुढे जहाज कारखानाही गेला. तरी त्यांच्या यशाला उणेपणा आला असे कोणी म्हणत नाही. मालकी गेली, पण कार्य राहिले.

कामातील आनंद

आवडीचे काम म्हणजे रोज सणवार, असा समज करून घेऊ नये. मला कापड दाखवायला आवडते. लग्नाचा बस्ता काढायला आलेल्या कुटुंबापुढे ताके उलगडताना आजही मला थकवा जाणवत नाही. परंतु त्याच व्यवसायात उधारी वसूल करावी लागते, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर विवरणपत्रेही वेळेवर भरावी लागतात. ती कामे मला गोड वाटत नाहीत. पण मूळ कामाची गोडी असल्यामुळे हा कडूपणा सुसह्य होतो. ज्याला मूळ कामच नकोसे वाटते, त्याला सगळेच कडू. कामाची परीक्षा करताना सोमवारी सकाळी दुकानाचे शटर वर करताना मनाला काय वाटते, एवढेच पाहावे.

पालकांना विनंती

हे सर्व सांगणे सोपे आहे. घरात आचरणे अवघड. माझा मुलगा कृषी पदवीधर. शिक्षण संपल्यावर त्याने सांगितले, ‘बाबा, मला दुकानात बसायचे नाही, माती तपासणीची प्रयोगशाळा काढायची आहे.’ माझ्या वडिलांनी सुरू केलेली गादी, तिचे पुढे काय, हा विचार मनात आलाच. मी त्याला तीन प्रश्न विचारले : हे काम तुला जमते हे कशावरून? दोन वर्षांत कुठवर पोहोचशील? आणि पैसा कमी मिळाला तरी करशील का? त्याने आठ दिवसांची मुदत मागितली आणि तिन्ही उत्तरे कागदावर लिहून आणली. प्रथम सहा महिने दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून शिकला, मग स्वतःची सुरू केली. आज परिसरातील शेतकरी त्याच्याकडे मातीचे नमुने घेऊन येतात. माझ्यानंतर गादीवर कोण बसेल, हे मात्र मला आज सांगता येत नाही. त्याचे दुःख नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. परंतु मनाविरुद्ध बसलेला मुलगा आणि बंद पडलेले दुकान यांत निवड करायचीच झाली, तर दुकानाचा त्याग मला हलका वाटतो. आणि कोणी ठरवावे, याच सभागृहात एखादा तरुण असा असेल की ज्याच्या घरी दुकान नाही, पण ज्याचा हात कापडावर बसतो. त्याने जरूर यावे. त्याला शिकवायला मी तयार आहे.

शेवटी सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक नम्र सूचना करतो. शिष्यवृत्ती व वह्यावाटप हे उपक्रम आपला ट्रस्ट करतोच. त्यास जोडून समाजातील व्यापारी, डॉक्टर, वकील, शिक्षक, शेतकरी, कारखानदार यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकी दोन मुलांना पंधरा दिवस आपल्याजवळ बसू द्यावे. मुलांना कामाचे खरे रूप दिसेल, आणि निकालानंतर ‘पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर ती स्वतः देऊ शकतील. पहिली दोन नावे माझ्या दुकानासाठी लिहून घ्यावीत, अशी मी कार्यवाहांना विनंती करतो.

 बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!