अलर्क रोगावरील औषधाचा शोध



पिसाळलेल्या कुत्र्याने दंश केला की पोटात चौदा सुया टोचून घ्याव्या लागत, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या जुन्या लशीचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस थांबले. नवी लस दंडात दिली जाते व वेळेवर घेतली तर रोग टळतो. मला मात्र आज, ज्याने लस घेतलीच नाही आणि ज्याला आता पाण्याचा पेला पाहूनच घशात आचके येत आहेत, त्या रुग्णाविषयी बोलावयाचे आहे. त्याच्या यातना कमी करण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती आजही फारसे काही नाही.

नवल असे की, काचपात्रातील पेशींमध्ये या विषाणूची वाढ रोखता येते. रिबाव्हिरिन हे औषध ते काम करते; रुग्णाला दिल्यास मात्र त्याचा उपयोग दिसत नाही. २००४ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे वटवाघूळ चावलेली पंधरा वर्षांची मुलगी लशीवाचून वाचली. तिला औषधांनी गाढ निद्रेत ठेवून रिबाव्हिरिन व अमँटाडीन देण्यात आले होते. मोठी आशा निर्माण झाली. पुढे याच उपचाराने बहुतेक रुग्ण दगावले. त्या मुलीच्या रक्तात उपचारापूर्वीच प्रतिपिंडे आढळली होती, ही गोष्ट त्या उत्साहात थोडी मागे पडली, असे मला वाटते.

फ्लूसाठी जपानमध्ये तयार झालेल्या फॅव्हिपिराव्हिरचीही कथा अशीच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, विषाणू टोचल्यावर लगेच हे औषध दिलेल्या उंदरांमधील मृत्यू घटले. अडचण आहे ती उशिराची. विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. मेंदू व रक्त यांच्यामध्ये निसर्गाने एक कुंपण घातले आहे. विषाणू त्याच्या आत पोहोचतो; रक्तातील प्रतिपिंडे आणि बरीचशी औषधे बाहेरच राहतात.

हे कुंपण टाळण्याचा प्रयत्न पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी केला. जिच्या संस्थापकाने १८८५ साली या रोगाची लस मुलाला टोचवली, तीच ही संस्था. त्यांनी दोन प्रतिपिंडांचे मिश्रण स्नायूंत टोचले आणि त्याचबरोबर थेट मेंदूतही सोडले. लक्षणे दिसू लागलेले काही उंदीर वाचले. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

परंतु उंदराला विषाणू कोणत्या दिवशी टोचला, हे संशोधकाला ठाऊक असते. माणूस बहुधा दंशानंतर महिना, दोन महिने, कधी त्याहूनही उशिरा येतो. कुत्रे चावल्याचे कित्येकदा तो विसरलेलाही असतो. निदान होईतो मेंदू ग्रासलेला असतो, आणि औषधाची परीक्षा घ्यावयास डॉक्टरांना मोजके दिवसच मिळतात.