पाषाणांतील तेल आणि राष्ट्राचें स्वावलंबन

१९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं अमेरिकेस तेल देण्याचें बंद केलें आणि त्या धनाढ्य देशांत पेट्रोलच्या पंपांपुढें मोटारींच्या रांगा लागल्या. नोव्हेंबरांत अध्यक्ष निक्सन यांनीं प्रतिज्ञा केली कीं, १९८० पर्यंत अमेरिका इंधनासाठीं कोणाचीहि मिंधी राहणार नाहीं. १९८० साल आलें आणि गेलें. प्रतिज्ञा कागदावरच राहिली. जुन्या विहिरी आटत चालल्या, आणि २००८ सालीं देशांतील खनिज तेलाचें उत्पादन दररोज सुमारें ५० लक्ष पिंपांवर येऊन ठेपलें.

भूमींत तेल नव्हतें असें नाहीं. चिखल थिजून झालेला शेल नांवाचा जो दगड आहे, त्याच्या पोटांत तेल आणि वायु विपुल होते. परंतु त्याचीं छिद्रें इतकीं सूक्ष्म कीं, विहीर खणली तरी त्यांतून फारसें कांहीं पाझरत नसे. टेक्सस संस्थानांतील अशा एका थरावर जॉर्ज मिचेल या उद्योजकानें १९८१ सालीं पहिली विहीर खणली. पुढें सुमारें सतरा वर्षें पैसा ओतला, तेव्हां कोठें १९९८ च्या सुमारास त्याच्या इंजिनिअरांना युक्ति साधली. दाट रसायनांऐवजीं बहुतांशीं पाणीच, थोड्या वाळूसह, प्रचंड दाबानें थरांत सोडावयाचें. पाण्यानें दगड तडकतो, वाळूचे कण भेगा मिटूं देत नाहींत, आणि कोंडलेला वायु वर येतो. पुढें गिरमीट खोल नेऊन थरांतून आडवें वळविण्याच्या विद्येची तीस जोड मिळाली व तेलहि त्याच रीतीनें निघूं लागलें.

२०१८ सालीं खनिज तेलाच्या उत्पादनांत अमेरिका जगांत पहिली आली. त्याच वर्षीं मार्चअखेर द्रवरूप अमेरिकन वायु घेऊन एक जहाज रत्नागिरी जिल्ह्यांतील दाभोळास लागलें. २०२० सालच्या हिशेबांत तर त्या देशाची तेलाची निर्यात आयातीहून अधिक भरली.

मग निक्सन यांची प्रतिज्ञा पुरी झाली काय? वहींत झाली; पंपावर झाली नाहीं. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली, आणि जूनमध्यें अमेरिकेंत पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला पांच डॉलरांवर गेला. इतका तो पूर्वीं कधींच गेला नव्हता. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण खरी. परंतु आडांत असलें तरी पोहऱ्याचा भाव जगाच्या चव्हाट्यावरच ठरतो.

शिवाय शेलची विहीर पहिल्या एक-दोन वर्षांतच झपाट्यानें ओसरते, म्हणून नवी विहीर सतत खणावी लागते. तेलाबरोबर वर येणारें खारें पाणी पुन्हां खोल जिरविल्यामुळें ओक्लाहोमांत भूकंप वाढले; २०१६ च्या सप्टेंबरांत तेथें ५.८ तीव्रतेचा धक्का बसला.

पाषाण फोडून अमेरिकेनें तुटवड्याचें भय पुष्कळ कमी केलें, हें यश लहान नव्हे. भावाचें भय मात्र उरलें. तें पाषाण फोडून जात नाहीं. तेलाची गरजच जितकी उणी होईल, तितकेंच तें उणें होतें.